उमाळे भाऊंच्या पाचशे डिस्का

उमाळे भाऊंच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. अमरावतीला राजापेठेतल्या आमच्या कॉम्प्लेक्सचा जिना चढून दुसऱ्या मजल्यावर आलं की उजवीकडे माझा अकरावी-बारावीच्या केमिस्ट्रीचा क्लास आणि डावीकडे त्यांचं दुकान. सतरा वर्षं आम्ही समोरासमोर काढली. गेल्या उन्हाळ्यात ते पातूरजवळ आपल्या गावी, भावाकडे गेले, तिथे आजारी पडले आणि तिथेच वारले. मी आपली ‘या रविवारी जाते, पुढच्या रविवारी जाते’ करत बसले. अकोल्याला माझं माहेर, तिथून पातूर म्हणजे तासाभराचा रस्ता. तेवढंही माझ्याच्यानं झालं नाही. त्याबद्दल मी स्वतःला अजून शिव्या घालते, आणि हे लिहायला बसले तेही त्यामुळेच असेल.

दुकान म्हणजे डिस्कची लायब्ररी. भिंतीला छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर पिक्चरच्या डिस्का, आणि मध्ये एक टीव्ही, डिस्क लावायचं एक मशीन आणि दोन खुर्च्या. सतरा वर्षांपूर्वीही धंदा काही जोरात नव्हता, पुढे तर येणारा माणूस दारात उभा राहून आधी विचारायचा, “हे अजून चालते का हो?”

“चालत नाही, बसून हाये,” भाऊ म्हणायचे. “तुमीबी बसा.”

उंच, काटकुळा माणूस. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेन नाही, पैसे नाहीत, फक्त चष्मा पुसायचं एक मऊ फडकं. डिस्कला हात लावायच्या आधी व्हरांड्याच्या टोकाच्या नळावर जाऊन साबणानं हात धुणार, पंख्याखाली वाळवणार, मग डिस्क कडेनं उचलणार. खिडकीशी नेऊन तिरपी धरून बघणार. पुसायची ती मधून बाहेर, सरळ. गोल फिरवून कोणी पुसली तर यांच्या अंगावर काटा यायचा. वहिनी एकदा डबा द्यायला आल्या होत्या, तेव्हा मला म्हणाल्या, “अवं, माह्या डोळ्यात कचरा गेला तर फुंकर मारत नाही हा माणूस, अन्‌ डिस्कीले पाहा कसा जपते!” भाऊ म्हणाले, “डिस्क बोंबलत नाही ना.”

आमची ओळख चहावरून झाली. क्लास सुरू करून मला आठवडाच झाला होता. यांच्या टीव्हीचा आवाज माझ्या वर्गात येतो म्हणून मी तणतणत गेले, हातात चहाचा ग्लास तसाच. बोलता बोलता तो मी समोरच्या एका डिस्कच्या डबीवर टेकवला. भाऊंनी माझं भांडण मध्येच सोडलं, ग्लास उचलला, व्हरांड्यात गेले, माझा चहा उभ्या उभ्या पिऊन टाकला आणि रिकामा ग्लास माझ्या हातात आणून दिला. “हं, आता बोला.” मी काय बोलणार, कपाळ! पण दुसऱ्या दिवसापासून माझी बॅच सुरू असताना त्यांचा टीव्ही कधी मोठ्यानं वाजला नाही. माझं ऑरगॅनिकचं वेळापत्रक पोरांना पाठ नव्हतं, भाऊंना होतं.

त्यांचा एक नियम होता. डिस्क परत करणाऱ्याला पिक्चरमधलं काहीतरी सांगावं लागायचं, आणि तेही मधलं. “शेवट कोणीबी सांगते. मधातलं सांगा.” मी एकदा एक डिस्क नेली आणि अर्ध्या तासात सोफ्यावर झोपले. सकाळी परत द्यायला गेले तर म्हणे, “मधातलं सांगा म्याडम.” मी हवेत काहीतरी फेकलं, नायक नायिकेचं भांडण होतं म्हणून. भाऊ म्हणाले, “या पिक्चरमंदी नायिकाच नाही.” डिस्क परत माझ्याच हातात. बारावीच्या पोरांना मी इतकी वर्षं तोंडी परीक्षेत घाम फोडला, पण माझा घाम फोडणारा माणूस तो एकच.

मग सगळं मोबाईलवर आलं. घरोघरी नेटवरचे पिक्चर सुरू झाले, भाऊंकडची उरलीसुरली माणसंही गेली. मला वाटलं, हा माणूस आता नेटला शिव्या घालत बसणार. तसं झालं नाही. ते नेटवरचे पिक्चर बघायचे, चांगले असले की भरभरून बोलायचे. पण त्यातला एखादा पिक्चर बाहेरदेशी डिस्कवर निघाला की यांच्यासारख्याच चार वेड्यांपैकी कोणीतरी तो मागवायचं. एक कोल्हापूरला होता, एक इंदूरला. पोस्टानं ती डिस्क राजापेठेत यायची. एकदा असंच पार्सल आलं, तर मला वर्गातून हाक मारून बोलावलं.

मी म्हटलं, “भाऊ, हा तर माझ्या मोबाईलवर आहे. फुकटात.”

“आज हाये,” भाऊ म्हणाले.

दाराच्या मागे त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर एक यादी लावली होती. वर लिहिलं होतं, ‘गेलेले’. नेटवरून एखादा पिक्चर काढून टाकला की त्याचं नाव त्या यादीत यायचं. मी हसले होते, खोटं कशाला सांगू. भाऊ म्हणाले, “हासा. थेटरातल्या पिक्चरची कुठीतरी रीळ असते, कोणाच्यातरी घरी सीडी असते. हे बिचारे जन्मलेच मोबाईलसाठी. याईले घरच नाही. काढले का गेले.” मला ते तेव्हा जरा जास्तच वाटलं. पिक्चरच तो, एक गेला तर दुसरा बघावा.

आता सिंधूकाकूंचं सांगते.

अकोल्याला डाबकी रोडवर माझ्या माहेरच्या समोर सिंधूकाकू राहतात. त्यांच्या दिरांचा गावाबाहेर फुलांचा मळा आहे, काकू घरी बसून हार-गजरे करतात. नवरा लवकर गेला. एकच मुलगा, निखिल. नाटकाच्या नादानं मुंबईला गेला, बरेच दिवस काही झालं नाही, आणि मग एका पिक्चरमध्ये त्याला चांगलं काम मिळालं. ट्रकवाल्याच्या जोडीदाराचं. नेटवरच आला तो पिक्चर. कंपनीचं नाव मी सांगणार नाही, पिक्चरचंही नाही, उगाच त्यांची जाहिरात नको. सगळ्या डाबकी रोडनं तो मोबाईलवर पाहिला. वर्षभरात निखिल मुंबईतच काविळीनं गेला. आठ दिवसांत खेळ संपला. सव्वीस वर्षांचं पोर हो!

काकू रोज दुपारी, सकाळचे हार देऊन झाले की, मोबाईल पोळ्यांच्या डब्याला टेकवून तो पिक्चर लावायच्या आणि समोर बसून संध्याकाळचे गजरे ओवायच्या. दीड वर्ष. पिक्चर हिंदीत, त्यांना निम्मा कळायचा नाही. पण निखिल कुठे येतो, कुठे हसतो, कुठे ट्रकच्या टपावर चढतो, सगळं पाठ. मग एका दुपारी तो पिक्चर तिथे नव्हताच.

मी माहेरी गेले तेव्हा काकूंनी मला हात धरून आत नेलं आणि दार लावून घेतलं. आठ दिवस त्यांनी कोणाला काही सांगितलं नव्हतं. म्हणाल्या, “मंजू, माह्याच्यानं पोरगा पुसल्या गेला वं.”

मला कळेचना. मग मोबाईल दाखवला. “फुलाईचे हात वले होते. कायतरी दाबल्या गेलं माह्याच्यानं. कोणाले सांगू नको.”

मी समजावलं, कंपनीनंच काढला असेल, तुमच्या हातानं कसा जाईल. काकू नुसत्या मान हलवत होत्या. माझं बोलणं त्यांना नुसतं समाधानासाठी केलेलं वाटत होतं. आपल्या हातानं आपलं लेकरू पुसलं, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. 

अमरावतीला आल्यावर मी भाऊंना सांगितलं. ते कॅलेंडरपाशी गेले, त्या पिक्चरचं नाव यादीत होतंच, त्यांनीच लिहिलेलं. त्यावर त्यांनी बोट टेकवलं. मग म्हणाले, “आपण नाव लिवतो अन्‌ मोकळे होतो. त्या नावामंदी कोणाचं काय हाये, मालूमच नाही ना बावा आपल्याले. रविवारी चला.”

रविवारी आम्ही अकोल्याला गेलो. भाऊंनी आधी स्वतःचा मोबाईल काढला, मग माझा मागितला, मग काकूंचा घेतला, तिन्ही सतरंजीवर ओळीनं ठेवले. तिन्हींवर तो पिक्चर शोधला. कुठेच नाही. मग म्हणाले, “ताई, तुमी अकोल्याले बसून माह्या अमरावतीच्या मोबाईलचं बटन कसं काय दाबलं? मलेबी शिकवा.”

काकू हसल्या. किती दिवसांनी हसल्या असतील कोणास ठाऊक. मला वाटलं, झालं, उतरलं ओझं. पण निघताना मला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, “पण आधी माह्या मोबाईलातून जाऊन मंग सगळीकून गेला असंन तर?”

हे मी बसमध्ये भाऊंना सांगितलं. भाऊ बडनेऱ्यापर्यंत चष्मा पुसत होते. मग म्हणाले, “सांगून नाही जाणार थे मनातून. पोरगा परत हातात द्यावा लागीन.”

इथे मी एक शहाणपणा केला. माझ्या क्लासमधल्या एका पोरानं दहा मिनिटांत तो पिक्चर कुठूनतरी चोरीचा उतरवून दिला. मी मोठ्या ऐटीत काकूंच्या मोबाईलवर पाठवला आणि मैदान मारल्यासारखी भाऊंना सांगायला गेले. त्यांनी फक्त विचारलं, “पुरा पाह्यला का तुमी, पाठवायच्या आधी?” मी पाहिला नव्हता. संध्याकाळी काकूंचा फोन आला. रडत नव्हत्या, पण आवाज नेहमीचा नव्हता. “मंजू, त्याच्या तोंडावरून जुगाराची जाहिरात फिरून राहिली वं. तो बोलते तवा तोंडावर, हासते तवा तोंडावर.” चोरीच्या कॉपीवर तसलं असतं, हे मला आजकालच्या पोरांना शिकवूनही माहीत नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भाऊ चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी चहा मागवला, तोही व्हरांड्यात, आणि म्हणाले, “तुमी वाईट नाही केलं म्याडम. घाई केली.” मग त्यांनी काय ठरवलंय ते सांगितलं. या पिक्चरची डिस्क काढायची. घरच्या कॉम्प्युटरवर कॉपी करून ‘जाळलेली’ नाही, कारखान्यात छापलेली, खरीखुरी.

इंदूरच्या वेड्याकडून त्यांनी दिग्दर्शकाचा नंबर मिळवला. मुंबईचा पोरगा, बोलायला गोड. तो म्हणाला, “काका, त्यांनी पिक्चर काढून टाकला, पण करार अजून वर्षभर आहे. तोपर्यंत हक्क त्यांचेच. मी साधी फाईल जरी कोणाला दिली तरी मीच अडकेन.”

“वर्षभरानं?”

“वर्षभरानं हक्क आमच्या निर्मात्याकडे येतील. पण डिस्क कोण घेतं हो आता? पाचशेच्या खाली तर तो छापायला तयारच होणार नाही.”

“पाचशे का? बरं,” म्हणून भाऊंनी फोन ठेवला. जसं काही त्यानं पाचशे ग्रॅम मिरच्या मागितल्या होत्या.

मी वैतागले. म्हटलं, भाऊ, पाचशे कशाला? वर्षानं फाईल मिळाली की तुमच्याकडेच एक डिस्क जाळा आणि द्या काकूंना. संपला विषय. भाऊंनी फळीवरून दोन डिस्का काढल्या. आधी नळावर जाऊन आले, हे सांगायला नकोच. एक उलटी करून दाखवली, खालून जांभळट होती. “हे जाळलेली. लग्नाची हाये, नवरा-नवरी ठणठणीत हायेत, पण डिस्कीतून आता फक्त बँडच ऐकू येते.” दुसरी खालून चकचकीत, चांदीसारखी. “हे छापलेली. माह्यापेक्षा जास्त जगंन. अन्‌ दुसरं असं म्याडम, ताईकडं एकच असली तर थे फुटली का पुन्हा तेच. पाचशे घरात असली तर ताई कोणाच्याबी दारात जाऊन म्हणू शकते, माह्या पोराची डिस्क द्या बरं जराशी.”

 

वर्षभर भाऊ दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी अकरा वाजता दिग्दर्शकाला फोन करायचे. तक्रार नाही, विनवणी नाही. “जयहिंद. उमाळे बोलतो, अमरावती. एकशे बारा झाले.” पुढच्या महिन्यात, “एकशे सत्तर झाले.” बस. सुरुवातीला तो पोरगा कंटाळायचा. पुढे पुढे एक तारखेला उशीर झाला तर त्याचाच फोन यायचा, काका, बरे आहात ना म्हणून.

आणि ही नावं कुठून येत होती? एक शंभरपानी वही घेऊन हा माणूस राजापेठेत दुकानादुकानांत शिरायचा. “नाव लिवा. पिक्चरची डिस्क निघून राहिली. अकोल्याचा पोट्टा हाये त्याच्यात, लय झकास काम केलं.” लोक म्हणायचे, आमच्याकडे डिस्कचं मशीनच नाही. “माह्याकडं हाये. दिवाळीत घेऊन येतो घरी.” असं त्यांनी चारशे तरी घरांना कबूल केलं असेल. किती दिवाळ्या लागल्या असत्या, देव जाणे! पातूरच्या बाजारात त्यांच्या भावाच्या ओळखीचे भाजीवाले, त्यांनी नावं दिली. एका ऑटोवाल्यानं घरातल्या सगळ्यांची दिली आणि मोत्या म्हणून आणखी एक. भाऊंनी विचारलं हा कोण, तर कुत्रा. मोत्याचं नाव त्यांनी खोडलं. “पाचशे म्हटलं म्हणजे पाचशे माणसं,” म्हणाले.

मीही मदत करत होते. पालकसभेत मी काकूंची सगळी कहाणी सांगितली. बायांनी डोळे पुसले आणि एका दिवसात एकोणतीस नावं आली. मी वही फडकवत भाऊंकडे गेले. मी काय सांगून नावं मिळवली ते ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

“ताईचं काहून सांगतलं?”

“अहो, पण एकोणतीस नावं...”

“थे बाई हार विकते, म्याडम. दुःख नाही विकत. अन्‌ पोट्ट्यानं काम चांगलं केलं म्हणून डिस्क निघून राहिली. तो मेला म्हणून नाही.”

ती एकोणतीस नावं त्यांनी लगेच घेतली नाहीत. त्या सगळ्यांना दुकानात बोलावलं. निखिलचा एक छोटा तुकडा, जाहिरातीपुरता आधी कंपनीनंच मोकळा सोडलेला, तो मोठ्या टीव्हीवर दाखवला आणि मग विचारलं, आता सांगा, घेणार का? तेवीस जणींनी हो म्हटलं. सहा नावं त्यांनी माझ्यादेखत काटली. मला राग आला होता. सहा नावं म्हणजे काय थोडी! पण घरी गेल्यावर मला माझीच लाज वाटली, हेही खरं.

वर्ष संपलं, करार संपला, त्याच्या आत वहीत पाचशे नावं झाली होती. निर्मात्याला दिग्दर्शकानं वहीच्या पानांचे फोटो पाठवले. त्याचा आधी विश्वासच बसेना, त्यानं म्हणे चार-पाच जणांना फोन लावून खात्री केली. त्यातला एक पातूरचा वांगेवाला होता, त्यानं निर्मात्यालाच झापलं, “कवाची डिस्क देऊन राहिले तुमी? भाऊ विचारून विचारून बेजार झाले ना.” आणि डिस्क छापायला गेली.

त्याच सुमाराला दिग्दर्शकाचा फोन आला. एक तारीख नव्हती, म्हणून भाऊ दचकले. तो म्हणाला, डिस्कवर जोडायला म्हणून जुनं, न वापरलेलं शूटिंग चाळत होतो. त्यात एक तुकडा सापडला. दोन शॉटच्या मध्ये कॅमेरा चुकून सुरू राहिलाय, निखिलच्या कॉलरला माईक तसाच आहे आणि तो आईशी फोनवर बोलतोय. दोन-अडीच मिनिटं. “काका, हे डिस्कवर टाकू का? लोकांना फार भिडेल.”

मी समोरच बसले होते. फोन स्पीकरवर होता. भाऊंनी क्षणाचाही विचार केला नाही.

“पाचशेवर नको. थे मायलेकाचं बोलणं हाये. त्याची एकच वेगळी बनव अन्‌ मले पाठव. बाकी पुसायचं का ठेवायचं, थे ताई सांगतील.”

ज्या माणसानं एक पिक्चर पाचशे घरांत जावा म्हणून वर्षभर चपला झिजवल्या, त्यानं हे सांगितलं. या माणसाबद्दल मला काय वाटतं ते मी त्यांना कधी तोंडावर सांगितलं नाही. आपल्याकडे सांगत नाहीत. त्या दिवशी सांगायला हवं होतं.

डिस्का आल्या. पुठ्ठ्याची खोकी जिन्यावरून वर आली तेव्हा मी बॅच सोडून बघायला गेले. डबीवर मागच्या बाजूला निखिल, ट्रकच्या टपावर. दुसऱ्या दिवशी भाऊंनी आपलं मशीन टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातलं आणि आम्ही अकोल्याची बस धरली.

काकूंच्या पुढच्या खोलीत आळीतली वीसेक माणसं जमली होती. भाऊंनी मशीन काकूंच्या टीव्हीला जोडलं आणि पिक्चर सुरू झाला. काकू गजरे न ओवता, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. निखिल पहिल्यांदा आला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. काकू कोणाकडे न बघता म्हणाल्या, “इथी तो भजे खाते, पाहा आता.” आणि खरंच त्यानं भजी खाल्ली. पिक्चर संपला, चहा झाला, लोक निघाले. काकूंनी डिस्कची डबी हातात घेतली, उलटसुलट केली.

“भाऊ, हे आता जाणार नाही ना?”

“हे गेली तर चारशे नव्व्याण्णव हायेत,” भाऊ म्हणाले. “समोर या मंजूम्याडमच्या माहेरी दोन हायेत. भांडून घेऊन या.”

मग सगळे गेल्यावर त्यांनी पिशवीतून दुसरी डबी काढली. पांढरी, कोरी, वर काहीच नाही. “ताई, हे तुमची. हिची दुसरी कुठीच नाही. तुमाले ठेवायची तर ठेवा, नाही तर मोडून टाका.” काय आहे ते त्यांनी मोजक्या शब्दांत सांगितलं.  भाऊंनी डिस्क मशीनमध्ये घातली आणि रिमोट त्यांच्यापुढे धरला. काकूंनी हात मागे घेतला.

“तुमीच दाबा भाऊ. माह्याच्यानं काही झालं म्हणजे...”

“तुमच्याच्यानं काहीच झालं नाही, ताई. तवाबी नाही, आताबी नाही. हे लावाचं अन्‌ हे बंद कराचं.” रिमोट त्यांच्या हातात देऊन ते बाहेर ओट्यावर येऊन बसले. मीही त्यांच्यामागून आले. ओट्यावर झेंडूची टोपली होती, ती मी उगाच सरकवली. मशीनविषयी विचारलं, तर म्हणाले, “राहू द्या इथीच. दिवाळीचं दिवाळीत पाहू. मले काय, मी आता पातूरले भावाकडं जातो, जराशी दमणूक झाली.” खरंच दमलेले दिसत होते. मी तेव्हा नीट बघितलं नाही.

 मग आतून निखिलचा आवाज आला. पिक्चरमधला हिंदी नाही, आमचा, डाबकी रोडचा.

“हां आई... जेवलो ना वं... वरण-भात... आता इथी कुठची भाकर... हाव हाव, घालतो स्वेटर... हासत नाही वं, तुह्यावर काहून हासू... दिवाळीले येतो ना... बलावून राहिले आई, ठेवतो... ठेव ना... अवं, तू ठेव आधी.”

मग नुसती खरखर, आणि शांतता. मला वाटलं काकू आता हंबरडा फोडतील, मी उठायला लागले. भाऊंनी हातानंच बस म्हणून खुणावलं.

तुकडा पुन्हा सुरू झाला. या वेळी मध्ये काकूंचाही आवाज होता. “जेवला का रे?... काय जेवला?... भाकर नाही भेटत का तिथी?... थंडी असंन, स्वेटर घाल... हासून राहिला का मले?” सव्वीस वर्षांच्या पोराची आई जशी बोलेल तशी, थोडी तक्रार करत. तेव्हा जे बोलल्या होत्या तेच असेल, की आता सुचलेलं, कोणाला ठाऊक. त्याच्या प्रत्येक उत्तराच्या आधी त्यांचा प्रश्न बरोबर बसत होता. “दिवाळीले येशीन ना?... येतो म्हणतं अन्‌ येत नाही तू.” माझ्या डोळ्यांना धार लागली होती, भाऊ समोर रस्त्याकडे बघत होते.

“बलावून राहिले आई, ठेवतो... ठेव ना... अवं, तू ठेव आधी.”

“बरं,” काकू आत म्हणाल्या. “ठेवते बाळा.”

आणि बटण दाबल्याचा आवाज आला. टीव्ही बंद झाला.

भाऊ उठले, पायात चपला सरकवल्या. “चला म्याडम,” म्हणाले, “पातूरची गाडी लागली असंन.”